हॉल भरायचा कसा: कॉलेजातल्या क्लबची आणि कार्यक्रमांची प्रसिद्धी पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या खगोलमंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाला १२० खुर्च्या मांडल्या होत्या आणि नऊ जण आले. त्यातले चार आम्हीच. पोस्टर मात्र देखणं होतं: काळंभोर आकाश, त्यावर गडद निळी अक्षरं, तारीख खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढी. अशी साठ पोस्टरं कॉलेजभर डकवली होती. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम मुख्य नोटीस बोर्डापाशी वीस मिनिटं उभी राहिले. (कार्यक्रम होऊन गेला तरी पोस्टर तिथेच होतं, तीही चूक आमचीच.) त्या वेळात आमच्या पोस्टरसमोर दोघं थांबले. एकाच्या बुटाची नाडी सुटली होती आणि दुसरी शेजारचं परीक्षेचं वेळापत्रक बघत होती.

वर्गातल्या एकाला विचारलं, "का रे, आला नाहीस?" तो म्हणाला, "मला कुणी बोलावलंच नाही." पोस्टर त्याने पाहिलं होतं, तारीखही माहीत होती. पण ते आपल्यासाठी आहे असं त्याला वाटलं नव्हतं. पुढे तीन वर्षं प्रसिद्धीचं काम माझ्याकडे राहिलं, आणि त्यातलं जे काही जमलं ते या एका उत्तरामुळे. बोलावणं माणसाने करायचं असतं. पोस्टर, मेसेज, रील या सगळ्यांनी फक्त त्या बोलावण्याची आठवण करून द्यायची. बहुतेक नवे क्लब याच्या उलट करतात. सगळी ताकद पोस्टरवर खर्च होते आणि बोलवायचं राहूनच जातं.

१. आधी एक वाक्य घडवा

डिझाइन उघडण्याआधी हे करा. आमच्या पहिल्या पोस्टरवर लिहिलं होतं ‘ब्रह्मांडाचा वेध’. वेध कुणी घ्यायचा, कशाने, आणि मी येऊन काय करणार, काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या वेळी लिहिलं: ‘चंद्रावरचे खड्डे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शुक्रवारी संध्याकाळी सात, ग्रंथालयाची गच्ची. दुर्बीण आमची.’

अशा वाक्यात तीन गोष्टी लागतात: येणारा काय करेल किंवा बघेल, कधी आणि कुठे. ‘भव्य’, ‘अविस्मरणीय’, ‘सुवर्णसंधी’ हे शब्द काढून टाका, वाक्याचं काही अडत नाही. तयार झालं की क्लबबाहेरच्या एका मित्राला एकदाच ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारा, "काय होतं रे ते?" तो जे सांगेल तेवढंच लोकांच्या लक्षात राहणार आहे, असं समजून चाला.

आणि वाक्य खरं असू द्या. आम्ही आधी शनीची कडी दाखवायचं ठरवलं होतं, कारण शनी सगळ्यांना आवडतो. बरं झालं, एकीने तपासलं. त्या महिन्यात शनी उगवत होता पहाटे.

२. तारीख, जागा, परवानगी

तारीख ठरवण्याआधी परीक्षांचं आणि सबमिशनचं वेळापत्रक, दुसऱ्या क्लबांचे कार्यक्रम, शेवटच्या बसची वेळ आणि वसतिगृहाचं दार बंद व्हायची वेळ बघा. शेवटच्या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. मग कार्यक्रमाच्या मध्येच अर्धे लोक उठून जातात आणि तुम्हाला वाटतं, वक्ता कंटाळवाणा होता.

विषयाचीही स्वतःची तारीख असते. चंद्र दाखवायचा तर पौर्णिमा उत्तम, असं आम्हाला वाटलं होतं. पण पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, आणि खड्डे सपाट दिसतात. शुक्ल अष्टमीच्या सुमाराचा अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या लांब सावल्यांमुळे खड्डे उठून दिसतात. तुमचा क्लब वादविवादाचा असो की गिर्यारोहणाचा, असं काहीतरी तिथेही असतंच. ते आधी शोधा.

जागा छोटी घ्या. तीस जणांच्या खोलीत चाळीस आले की दारात उभं राहावं लागतं आणि बातमी होते. दोनशेच्या सभागृहात तेच चाळीस विखुरतात, मागच्या रांगेत बसतात, आणि नंतर ‘कुणी नव्हतं’ असं सांगतात.

परवानगी लेखी घ्या आणि ती हातात आल्याशिवाय काहीही छापू नका. तोंडी ‘हो’ म्हणणारी व्यक्ती नेमकी त्या दिवशी रजेवर असते.

३. कामं मागून पुढे वाटा

कार्यक्रमाच्या दिवसापासून उलटं मोजत या. आमचा बेत साधारण असा असायचा:

- तीन आठवडे आधी: वाक्य, तारीख, खोली, परवानगी.
- दोन आठवडे आधी: माणसांची यादी, पोस्टरचा मजकूर, एक नमुना छपाई.
- दहा दिवस आधी: पोस्टर लागलं, पहिला मेसेज गेला.
- शेवटचे पाच दिवस: वर्गात जाऊन सांगणं, प्रत्यक्ष बोलावणं.
- आदल्या संध्याकाळी आणि दोन तास आधी: आठवण.

प्रत्येक कामापुढे एकच नाव हवं. ‘डिझाइन टीम’ हे नाव नव्हे. ‘आपण बघू’ म्हणून सोडलेलं काम कुणीच बघत नाही, हे मला साठ पोस्टरं काढायला एकटीला फिरावं लागलं तेव्हा नीट कळलं.

४. माणसांची यादी (इथे जास्तीत जास्त वेळ द्या)

सगळे सभासद एकत्र बसा. प्रत्येकाने कागदावर दहा नावं लिहायची. मग कागद शेजारी ठेवून दोनदा आलेली नावं खोडायची. आम्ही आठ जण होतो, म्हणजे ऐंशी नावं. खोडून उरली ३४. कारण आम्ही सगळे एकाच वर्गातले, एकाच कट्ट्यावरचे. आमचे मित्र म्हणजे आम्हीच.

इथे एक जुना अभ्यास आठवतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं की नवी बातमी बहुधा जिवलग मित्रांकडून येत नाही, तोंडओळखीच्या लोकांकडून येते. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. म्हणून दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने पाच नावं अशी लिहायची की ती बाकीच्यांना ओळखीची नसतील: बसमध्ये शेजारी बसणारी, प्रयोगशाळेतला जोडीदार, संघातला खेळाडू, दुसऱ्या शाखेतली शाळेपासूनची मैत्रीण. या पाचांतला एक जण आला तरी तो स्वतःचं अख्खं टोळकं घेऊन येतो.

मग बोलावायचं. ‘ये हं नक्की’ हे बोलावणं नाही, तो निरोप घ्यायचा एक प्रकार आहे. त्यावर समोरचा ‘हो हो’ म्हणतो आणि विसरतो. प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा:

"शुक्रवारी सातला गच्चीवर चंद्र बघणार आहोत. येशील?"
"बघतो."
"तुझं प्रॅक्टिकल पावणेसातला सुटतं ना? मी ग्रंथालयाच्या जिन्यापाशी थांबते. तिथून वर जाऊ."

तिसरं वाक्य सगळ्यात कामाचं. नुसत्या इच्छेपेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून, अमुक करीन’ असं ठरवलेलं काम पार पडायची शक्यता जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. शिवाय जिन्यापाशी कुणीतरी ताटकळत उभं आहे ही जाणीव कुठल्याही पोस्टरपेक्षा भारी.

जो ‘नाही’ म्हणतो त्याचे आभार माना, मागे लागू नका. त्याला पुढच्या वेळी विचारायचंय.

५. वर्गात जाऊन सांगणं

तासाच्या आधी शिक्षकांना गाठून एक मिनिट मागा. आणि खरोखर एक मिनिटच घ्या. चाळीस सेकंदांत संपलं तर पुढच्या वेळी ते आनंदाने देतील. दोघं जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने त्याच वेळी फळ्यावर वार, वेळ, जागा मोठ्या अक्षरांत लिहायची आणि पुसू नका म्हणून विनंती करायची. आमचा मजकूर एवढाच होता:

"शुक्रवारी संध्याकाळी सातला ग्रंथालयाच्या गच्चीवर दुर्बिणीतून चंद्र बघता येईल. आधीचं काही माहीत असायची गरज नाही. दहा मिनिटांसाठी आलात तरी चालेल. मी मागच्या बाकावर बसतेय, काही विचारायचं असेल तर तास संपल्यावर भेटा."

‘आधीचं काही माहीत असायची गरज नाही’ आणि ‘दहा मिनिटांसाठी आलात तरी चालेल’ ही दोन वाक्यं गाळू नका. कुठल्याही क्लबच्या दारात बाहेरचा माणूस याच दोन भीतींपायी अडखळतो: आपण अडाणी ठरू, आणि अडकून पडू. कागदावरून वाचून मात्र दाखवू नका. अडखळलात तरी चालेल, वाचलंत की कुणी ऐकत नाही.

६. पोस्टर

पोस्टर तीन अंतरांवरून वाचलं जातं. दहा पावलांवरून एकच ओळ दिसते. तीन पावलांवरून वार, वेळ, जागा दिसते. हात लावण्याइतकं जवळ आल्यावर बाकी सगळं. त्या क्रमाने अक्षरं मोठी-छोटी करा. तपासायला सोपी युक्ती: पोस्टर फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. त्यातही मुख्य ओळ वाचता आली तर ठीक. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत उजेड-अंधाराइतका फरक हवा, काळ्यावर निळं कधीच नको. नुसती ‘१४ तारीख’ लिहू नका, ‘शुक्रवार, १४’ लिहा. माणसं आठवडा वारांनी जगतात.

ए३ कागद २९७ × ४२० मिलिमीटरचा असतो, ए४ त्याच्या बरोबर निम्मा. भिंतीवर ए३ लावा, ए४ फक्त दारांवर आणि लिफ्टमध्ये. ए३वर स्वच्छ छपाईसाठी, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, चित्र साधारण ३५०८ × ४९६१ पिक्सेलचं लागतं. चित्र म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल दबून लहान होते आणि छापल्यावर धुरकट येते. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पडद्यावरचे झगझगीत रंग शाईत तसे उतरत नाहीत, त्यामुळे आधी एकच प्रत छापून बघा.

क्यूआर कोडबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे आम्ही चांगलंच तोंडघशी पडलो. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. कारखान्यात तो नीट चालतो, कारण वाचणारा तो वाचायलाच उभा असतो. कॉलेजच्या बोळात तसं नसतं. ढोबळ हिशेब असा: कोड जितका रुंद, त्याच्या दहापट अंतरावरून तो वाचता येतो. एक मीटरवरून वाचायचा असेल तर दहा सेंटिमीटरचा हवा. आमचा होता तीन सेंटिमीटरचा, आणि लावला होता जिन्याच्या वळणावर, डोक्याच्या वर. चारही बाजूंनी पांढरी चौकट सोडा, गडद कोड फिक्या कागदावर ठेवा, मध्ये क्लबचं चिन्ह घुसवायचा मोह टाळा. कोडमधला वेबपत्ता जितका छोटा तितके चौकोन कमी आणि वाचन सोपं. फुकटात ‘बदलता येणारा’ कोड देणाऱ्या काही सेवा मुदत संपली की तो बंद करतात, म्हणून ज्यात पत्ता थेट भरलेला असतो असाच साधा कोड बनवा. छापलेल्या कागदावरून, ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या फोनने तो वाचून बघा. आणि खाली तोच पत्ता अक्षरांत लिहा.

कुठे लावायचं? जिथे माणूस काही करू शकत नाही, नुसता उभा असतो तिथे: लिफ्टसमोर, पाण्याच्या कूलरपाशी, झेरॉक्सच्या रांगेत, बसथांब्यावर. चाळीस सूचना असलेल्या मुख्य बोर्डावर एकेचाळिसावी लावून उपयोग नाही. साठ पोस्टरं एकेकदा दिसण्यापेक्षा बारा पोस्टरं रोजच्या वाटेवर पुन्हापुन्हा दिसलेली बरी. एखादी गोष्ट वारंवार नजरेस पडली की ती नुसत्या ओळखीमुळेही आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. रंग उखडणारी चिकटपट्टी वापरू नका, आणि पोस्टर लावणाऱ्यानेच ते कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी काढायचं हे आधीच ठरवून टाका.

७. फोनवरची प्रसिद्धी

मजकूर चित्रात कोंबून नुसतं चित्र पाठवू नका. नोटिफिकेशनमध्ये फक्त ‘फोटो’ असं दिसतं, नंतर कुणी शोधलं तर सापडत नाही, आणि जे दृष्टिहीन विद्यार्थी फोनकडून वाचून घेतात त्यांना चित्रातली अक्षरं सहसा मिळत नाहीत. पहिल्या ओळीत वार, वेळ, जागा. दुसऱ्या ओळीत काय आहे ते. संपलं.

व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. मावतात म्हणून न विचारता कुणाला आत ओढू नका. तो ग्रुप म्यूट होतो आणि क्लबही मनातून म्यूट होतो. दुसऱ्या वर्गाच्या ग्रुपवर स्वतः जाऊन टाकण्यापेक्षा तिथल्या वर्गप्रतिनिधीला गाठा आणि त्याच्याच शब्दांत लिहायला सांगा. ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का असलेला मेसेज आणि ओळखीच्या मुलाने लिहिलेलं ‘मी जातोय, कोण येतंय?’ यांत फार अंतर आहे.

इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, ती प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीच्या लिंक-स्टिकरमध्ये द्यावी लागते. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून ती आठवणीसाठी चांगली आणि पहिल्या घोषणेसाठी निकामी. ईमेल पाठवत असाल तर पत्ते ‘बीसीसी’मध्ये घाला. आम्ही एकदा विसरलो होतो. शंभरेक लोकांचे पत्ते एकमेकांना कळले आणि दोन दिवस ‘मला यादीतून काढा’ अशी उत्तरं सगळ्यांनी सगळ्यांना पाठवली.

नोंदणी फॉर्म ठेवायचा असेल तर तीन प्रश्नांचा: नाव, संपर्क, आणि हे कुठून कळलं. ज्या माहितीचं तुम्ही काही करणार नाही ती विचारूच नका. आणि नोंदणीचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. फुकट कार्यक्रमाला नोंदवलेल्यांतले निम्मे आले तरी आम्ही खूश असायचो.

८. क्लबचा स्टॉल

वर्षाच्या सुरुवातीला सगळे क्लब टेबलं मांडून बसतात. ‘बसतात’ हीच अडचण आहे. टेबलामागे बसून फोन बघणाऱ्या चौघांकडे कुणी जात नाही. टेबलाच्या पुढे उभे राहा. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर १९६८ साली मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम आणि सहकाऱ्यांनी एक गमतीचा प्रयोग केला होता: एक जण थांबून वर बघत राहिला तर जाणाऱ्यांतले ४ टक्के त्याच्याजवळ थांबले, पंधरा जण बघत राहिले तर ४० टक्के. तुमचेच पाच सभासद टेबलासमोर कशात तरी रमलेले दिसले की सहावा आपण होऊन डोकावतो.

आणि त्याच्या हाती काहीतरी द्या. माहितीपत्रक नव्हे, करायला काहीतरी. आम्ही दुर्बीण लांबच्या एका इमारतीच्या पाटीवर लावून ठेवायचो आणि म्हणायचो, "ती पाटी वाचून दाखव." खगोल दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. माणूस आधी डोकं वाकडं करतो, मग हसतो, मग विचारतो, "असं का?" झालं, संभाषण सुरू. (दिवसा दुर्बीण उघड्यावर असेल तर एक सभासद कायम तिच्यापाशी हवा. कुणी ती सूर्याकडे वळवून आत डोकावलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो.) बुद्धिबळाचा क्लब असेल तर दोन चालींत मात होणारा डाव मांडा, नाटकाचा असेल तर चार ओळींचा संवाद वाचायला द्या. नाव-नंबर नंतर मागा, आणि त्याच आठवड्यातल्या एका भेटीची तारीख तिथेच सांगा. महिनाभराने आलेला पहिला मेसेज कुणाचा, हेही आठवत नाही.

९. त्या दिवशी

फाटकापासून खोलीपर्यंत बाण लावा. आम्ही ‘ग्रंथालयाची गच्ची’ लिहिलं होतं आणि गच्चीचा जिना मागच्या बाजूला आहे हे फक्त आम्हाला माहीत होतं. दारात एक जण असा ठेवा ज्याचं दुसरं काहीच काम नाही: येणाऱ्याला ‘या’ म्हणायचं, एकट्या आलेल्याची दुसऱ्या एकट्याशी ओळख करून द्यायची. वेळेवर सुरू करा. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणं म्हणजे वेळेवर आलेल्यांना शिक्षा. सभासदांनी कोपऱ्यात घोळका करून आपापसात हसू नये, नव्या माणसाला ते आपल्यावर हसतायत असंच वाटतं. निघताना नाही, कार्यक्रम रंगात असतानाच पुढची तारीख सांगा.

दारातल्याच माणसाच्या हाती एक कागद द्या. त्यावर चार रकाने: कुणी बोलावलं, वर्गात ऐकलं, फोनवर बघितलं, पोस्टर बघितलं. प्रत्येक येणाऱ्याला ‘कुठून कळलं?’ विचारून एक रेघ. आमच्या दुसऱ्या कार्यक्रमाला ४७ जण आले. कुणी बोलावलं म्हणून २६, वर्गात ऐकून ११, फोनवरून सहा, पोस्टरवरून चार. चारांतला एक म्हणाला की पोस्टर त्याने लिफ्टसमोर बघितलं, क्यूआर कोड वाचला गेला नाही, मग खालचा पत्ता टाइप केला.

तो कागद मी क्लबच्या वहीत चिकटवून ठेवला. त्याच पानावर गच्चीच्या किल्लीसाठी कुणाला आणि किती दिवस आधी विचारायचं, कुठल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, कुठल्या वर्गाचे शिक्षक एक मिनिट देतात, हेही लिहिलं. वही पुढच्या वर्षीच्या मुलांकडे गेली. त्यांनी पोस्टरं बारावरून आठवर आणली आणि यादीच्या बैठका एकाच्या दोन केल्या.